कबुतरापासून ड्रोनपर्यंत: वणवा पाहण्याची शंभर वर्षं

१ जून १९१९ रोजी कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइडजवळच्या मार्च फील्ड या लष्करी तळावरून काही विमानं उडाली, ती वणवे शोधायला. विमानं होती 'जेनी' जातीची. पहिल्या महायुद्धात नवशिक्या वैमानिकांना शिकवण्यासाठी बनवलेली, लाकूड आणि कापडाची, पंखांच्या दोन जोड्या असलेली. युद्ध संपलं होतं. वैमानिक रिकामे होते, विमानं पडून होती. दुसरीकडे अमेरिकेच्या वनखात्याला लाखो एकर जंगलावर नजर ठेवायला माणसं पुरत नव्हती. हेन्री 'हॅप' अर्नोल्ड तेव्हा पश्चिम विभागातला हवाई अधिकारी होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी लष्कराच्या सगळ्या हवाई दलाचा प्रमुख झाला. त्यानं या गस्ती सुरू करून दिल्या.

धूर वरून झकास दिसत होता. अडचण पुढे होती. या विमानांत रेडिओ नव्हता. खाली दरीत आग लागली आहे हे वैमानिकाला कळलं, आता ते वनखात्याला कसं कळवायचं? एक उपाय म्हणजे जवळच्या मैदानावर विमान उतरवायचं आणि टेलिफोन शोधायचा. दुसरा, चिठ्ठी लिहून छोट्या पॅराशूटला बांधून खाली टाकायची. तिसरा उपाय म्हणजे कबुतरं. विमानातून टपाली कबुतरं नेत, आगीचं ठिकाण कागदावर लिहून पायाला बांधत आणि सोडून देत.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. ड्रोननं काढलेले शेकडो फोटो एकमेकांना जोडून त्यांचा नकाशा बनवणाऱ्या प्रणालीवर काम करते. आमच्या कामात 'लेटन्सी' हा शब्द दिवसातून वीसदा तरी येतो: माहिती एका टोकाला निघाल्यापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत गेलेला वेळ. त्यामुळे कबुतरांची ही हकिकत वाचली तेव्हा मला गंमत वाटण्याआधी ओळख पटली. कॅमेरा उत्तम आणि पुढची तार कच्ची, हा आमचा रोजचा प्रश्न आहे. वणव्यावरच्या ड्रोनबद्दल बातमी येते तेव्हा ती बहुधा कॅमेऱ्याची असते: किती उंचीवरून, किती स्पष्ट, धुरातूनही कसं दिसतं वगैरे. पण या शंभर वर्षांचा इतिहास वाचताना सारखं जाणवतं की वणवा दिसण्याचा प्रश्न माणसानं बऱ्यापैकी लवकर सोडवला. दिसलेलं डोंगरावरच्या माणसापर्यंत पोचवणं, आणि तो माणूस कुठे आहे हे वरच्याला कळणं, यांत मात्र आयुष्यं गेली. हे मी अलंकारिक अर्थानं म्हणत नाहीये.

आधी थोडं मागे जाऊ. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटाना या राज्यांत दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं. आग विझवायला गेलेले ७८ जण मेले. अमेरिकेचं वनखातं तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं, आणि या आगीनं त्याच्या मनात एक गोष्ट कायमची ठसवली: वणवा लहान असतानाच गाठला पाहिजे. त्यासाठी तो लवकर दिसला पाहिजे. मग डोंगरमाथ्यांवर टेहळणीची ठाणी आणि मनोरे उभे राहू लागले. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांची संख्या हजारांत गेली. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या क्लॅमथ जंगलातल्या एडी गल्च या ठाण्यावर हॅली डॅगेट ही बाई नेमली गेली. वनखात्यातली ती पहिली स्त्री टेहळणीदार.

मनोऱ्यातलं मुख्य यंत्र साधंच होतं. वनखात्यातल्या विल्यम ऑस्बोर्न यानं ते बनवलं. गोल टेबलावर त्या भागाचा नकाशा, त्याच्या मधोमध आपला मनोरा, आणि भोवती फिरणारं अंशांच्या खुणांचं कडं. कड्यावरच्या फटीतून धुराकडे नेम धरायचा आणि कोन वाचायचा. एका मनोऱ्यावरून फक्त दिशा कळते. दुसऱ्या मनोऱ्यावरूनही तोच धूर दिसला, की नकाशावर दोन रेघा ओढायच्या. जिथे छेदतात तिथे आग. शाळेतल्या भूमितीपलीकडे यात काही नाही. तरीही ही पद्धत वैमानिकाच्या नजरेपेक्षा भरवशाची ठरली, कारण प्रत्येक मनोऱ्यातून टेलिफोनची तार खाली खोऱ्यात गेलेली होती. वैमानिकाला मैलोन् मैल दिसायचं पण बोलता येत नव्हतं. टेहळणीदाराला एकच खोरं दिसायचं, पण ती लगेच फोन फिरवू शकत होती.

या नजरेचा वापर कशासाठी झाला तेही सांगायला हवं. १९३५ मध्ये वनखात्यानं 'सकाळी दहा'चं धोरण आणलं: कुठलीही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आणायची; नाही जमलं तर त्याच्या पुढच्या दिवशी दहाच्या आत. तिथले मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या मुद्दाम लहान लहान आगी लावून जंगलातला पालापाचोळा आणि झुडपं कमी ठेवत असत. ते आधीच बंद पाडलं गेलं होतं. आता विजेनं लागलेल्या आगीही विझवल्या जाऊ लागल्या. जंगलात जळण साठत गेलं. आज पश्चिम अमेरिकेत जे अक्राळविक्राळ वणवे भडकतात, त्यांत वाढत्या तापमानाचा वाटा आहे, तसा या साठलेल्या जळणाचाही आहे. हे धोरण १९७०च्या दशकात सोडून दिलं गेलं, पण जळण तिथेच राहिलं.

दहाच्या आत पोचायचं तर रस्ता नसलेल्या डोंगरांत माणसं उतरवायला हवीत. म्हणून १९४० पासून विमानातून पॅराशूटनं उड्या मारणारे अग्निशामक तयार झाले: स्मोकजंपर. त्यांच्या इतिहासातला सगळ्यांत वाईट दिवस म्हणजे ५ ऑगस्ट १९४९.

मोंटानातल्या मिसुला शहरातून निघालेल्या विमानातून त्या दुपारी १५ जणांनी मॅन गल्च नावाच्या घळीत उड्या घेतल्या. वरून त्यांना आग व्यवस्थित दिसली होती. नेहमीची वाटली; उद्या दहाच्या आत संपेल अशी. सामानही पॅराशूटनं टाकलं गेलं. त्यातलं एक पॅराशूट उघडलं नाही, आणि नेमका त्यालाच रेडिओ बांधलेला होता. तो खडकांवर आपटून फुटला. तुकडीकडे दुसरा रेडिओ नव्हता.

खाली त्यांना जिम हॅरिसन नावाचा वनखात्याचा कर्मचारी भेटला, तो एकटाच आग विझवत होता. सगळे मिळून घळीच्या उतारानं मिझुरी नदीकडे निघाले. मधल्या काळात आग घळीच्या तोंडाशी पलीकडून अलीकडे आली होती आणि नदीची वाट बंद झाली होती. मध्ये आडवी टेकाडं असल्यामुळे त्यांना ती जवळ येईपर्यंत दिसली नाही. म्होरक्या वॅग डॉजनं सगळ्यांना उलटं, चढावर वळवलं. गुडघाभर वाळलेलं गवत, उभा चढ, मागे आग. चढावर आगीचा वेग वाढतो, माणसाचा कमी होतो. डॉजनं अवजारं टाकायला सांगितली. मग तो थांबला, काडी ओढली आणि समोरचं गवत पेटवून दिलं. ते जळून गेलं की त्या राखेत पडून राहायचं. मागून येणाऱ्या आगीला तिथे खायला काही उरणार नाही, असा त्याचा हिशोब. तो ओरडून सगळ्यांना आत बोलावत होता. कुणी थांबलं नाही. आग लागली असताना आपला म्होरक्या आणखी आग लावतोय, याचा अर्थ त्या अर्ध्या मिनिटात कुणाला लागणार? डॉज राखेत वाचला. दोघे खडकातल्या फटीतून माथ्यावर पोचून वाचले. हॅरिसन धरून १३ जण गेले. उड्या मारून दोन तासही झाले नव्हते.

रेडिओ चालू असता तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. वरून पाहून सांगणारं विमानही तेव्हा तिथे नव्हतं. पण त्या घळीत नेमकं काय नव्हतं याची यादी करता येते. आग आता कुठे आहे हे सांगणारा डोळा, ते ऐकू येणारा कान आणि ही माणसं कुठे आहेत हे माहीत असलेलं कुणी. पुढच्या सत्तर वर्षांत या तीन गोष्टी एकेक करून आल्या. त्याच क्रमानं, आणि खूप अंतरानं.

डोळा पुन्हा लष्कराकडून आला. मॅन गल्चनंतर आगीच्या शास्त्राला पैसा मिळू लागला आणि १९६० मध्ये मिसुलातच वणव्यांची प्रयोगशाळा उघडली. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६२ पासून लष्करी टेहळणीसाठी बनवलेली इन्फ्रारेड यंत्रणा विमानावर बसवून वणव्यांवर फिरवली. कल्पना अशी: जळणारं लाकूड जेवढा उजेड देतं त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा इन्फ्रारेड किरणांच्या रूपात सोडतं. धुराचे कण दृश्य प्रकाश अडवतात, पण त्याहून लांब लहरींचे हे किरण बरेचसे आरपार जातात. रात्री जमीन थंड असते, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर आगीची कड पांढरी उठून दिसते. राखेखाली धुमसणारा ओंडकासुद्धा सुटत नाही.

पण चित्र उमटायचं फिल्मवर. विमान उतरायचं, फिल्म जाणकाराच्या हातात जायची, तो ती नकाशाशी ताडून आगीची कड हातानं रेखाटायचा. पहाटेपर्यंत नकाशा तयार झाला की सकाळच्या बैठकीत तुकड्यांच्या हाती पडायचा. ही पद्धत इतकी उपयोगी होती की तिची सुधारलेली आवृत्ती आजही चालते. मात्र सकाळी सहाला हातात पडलेला नकाशा मध्यरात्रीची आग दाखवतो, आणि वारा फिरतो तो दुपारी.

ड्रोनची एंट्री इथे होते, आणि तीही उशिरा. २६ ऑक्टोबर २००६ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियात कुणीतरी मुद्दाम लावलेल्या एस्पेरांझा वणव्यात एक घर वाचवायला थांबलेली वनखात्याची पाच माणसांची पूर्ण तुकडी मेली. त्यानंतर दोन दिवसांनी नासानं वापरायला घेतलेलं 'अल्टेअर' हे वैमानिकरहित विमान त्या वणव्यावरून बरेच तास उडालं आणि आगीची चित्रं त्यानं उपग्रहामार्फत खाली पाठवली. पुढच्याच वर्षी नासाचं स्वतःचं 'इखाना' आलं. हे लष्कराच्या प्रिडेटर-बी ड्रोनचं नागरी रूप. इखाना हा चॉक्टॉ या आदिवासी भाषेतला शब्द, अर्थ साधारण 'सजग'. ऑक्टोबर २००७ च्या अखेरीस सॅन डिएगो परिसरात एकाच वेळी अनेक वणवे पेटले आणि लाखो लोकांना घरं सोडावी लागली, तेव्हा इखानानं त्यांच्यावर फेऱ्या मारल्या.

लोकांना त्यातलं विमान आठवतं. मला त्यातली पाइपलाइन आवडते. व्हिन्सेंट ॲम्ब्रोसिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपमान मोजणारा संवेदक बनवला होता. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोजलेल्या आकड्यांवरची प्रक्रिया त्यांनी विमानातच उरकली. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला अक्षांश-रेखांश तिथल्या तिथे चिकटवायचे, तयार चित्र उपग्रहावरून नासाच्या एम्स केंद्रात उतरवायचं आणि गूगल अर्थवर पसरायचं. काही मिनिटांत ते आग विझवणाऱ्यांच्या अधिकाऱ्यांना संगणकावर दिसत असे. रात्रभराचं काम काही मिनिटांवर आलं. जंगलात रोज काम करणाऱ्या माणसाला शिकावं लागलं नाही असं साधं, फुकट सॉफ्टवेअर त्यांनी निवडलं, हा माझ्या मते त्या प्रकल्पातला सगळ्यांत शहाणा निर्णय होता.

तरी ही माहिती पोचली ती छावणीतल्या पडद्यावर. डोंगरावर नाही.

३० जून २०१३. ॲरिझोनातलं यार्नेल गाव. ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स या तुकडीतले १९ जण डोंगराच्या कण्यावर, आधीच जळून गेलेल्या भागात उभे होते. म्हणजे डॉजच्या राखेसारख्या सुरक्षित जागी. दुपारी वादळी ढगांतून सुटलेल्या वाऱ्यानं आगीची दिशा फिरवली. वारा येणार ही सूचना हवामान खात्यानं दिली होती आणि ती तुकडीला मिळालीही होती. त्यानंतर ते जळलेला भाग सोडून खालच्या एका शेतघराकडे निघाले, आणि तीन बाजूंनी बंद असलेल्या खोलगट भागात उतरले. तिथून आग दिसत नव्हती. चौकशी अहवालानुसार सुमारे ३३ मिनिटं ते नेमके कुठे आहेत हे बाकी कुणाला ठाऊक नव्हतं. ते अजून वरच, सुरक्षित जागी आहेत अशी समजूत होती. शेवटच्या मिनिटांत रेडिओवर त्यांची हाक आली. एक भलंमोठं डीसी-१० विमान आग रोखणारं रसायन भरून जवळच आकाशात होतं. ते कुठे ओतायचं हे सांगता येईना. १९ जण गेले. टेहळणीसाठी वेगळा थांबलेला त्यांचा एक साथीदार तेवढा वाचला.

मॅन गल्चमध्ये रेडिओ फुटला होता. यार्नेलमध्ये रेडिओ चालू होते, विमानं वर होती, हवामानाचा इशारा पोचला होता. एकच गोष्ट कुठल्याच नकाशावर नव्हती: नकाशात माणसं नव्हती.

त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टच्या अखेरीस, योसेमिटीजवळच्या 'रिम' वणव्यावर नॅशनल गार्डचा प्रिडेटर ड्रोन उडवला गेला आणि आगीचा थेट व्हिडिओ अधिकाऱ्यांपर्यंत पोचला. ड्रोन उडाला दुसऱ्या तळावरून, पण तो चालवणारी माणसं बसली होती मार्च या हवाई तळावर. १९१९ मध्ये जिथून कबुतरं घेऊन जेनी विमानं निघायची, तेच मार्च.

१२ मार्च २०१९ रोजी अमेरिकेत डिंगेल कायदा झाला. सार्वजनिक जमिनींबद्दलचा हा लांबलचक कायदा, पण त्यात वणव्यांच्या तंत्रज्ञानाबद्दल एक कलम आहे. त्यात वणव्यांवर ड्रोन वापरण्याचा कार्यक्रम आहे, आणि त्याच कलमात आग विझवणाऱ्या तुकड्या कुठे आहेत हे सतत दाखवणारी यंत्रणाही सांगितली आहे. आग कुठे आणि माणूस कुठे, हे दोन प्रश्न कायद्यानं एकत्र विचारले. मॅन गल्चनंतर ७० वर्षांनी.

आता वणव्यावर दिसणारे ड्रोन बहुतेक लहान असतात. एका माणसाला उचलता येतील असे. रात्री आणि दाट धुरात हेलिकॉप्टर उडवता येत नाही तेव्हा ते जातात. ठिणग्या उडून जाळरेषेच्या पलीकडे नवी आग लागली का ते पाहतात. विझल्यासारख्या दिसणाऱ्या भागात धग कुठे उरली आहे ते दाखवतात, म्हणजे माणसांना प्रत्येक ओंडक्याखाली हात घालून बघत बसावं लागत नाही. आणि ते आग लावतातही. नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलेला असा ड्रोन एप्रिल २०१६ मध्ये तिथल्याच होमस्टेड या राष्ट्रीय स्मारकाच्या गवताळ जमिनीवर वापरून पाहिला गेला. पिंगपाँगच्या चेंडूएवढ्या गोळ्यांत पोटॅशियम परमँगनेट असतं. सोडताना ड्रोन त्यात ग्लायकॉल टोचतो. गोळी खाली पडते आणि थोड्या वेळात पेट घेते. वणव्याच्या वाटेतलं जळण आधीच जाळायचं किंवा पावसाळी दिवसांनंतर जंगल थोडं थोडं जाळून साफ ठेवायचं, तर हे करावंच लागतं. पूर्वी यासाठी हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्यांलगत, सावकाश न्यावं लागे, म्हणजे हेलिकॉप्टरला सगळ्यांत धोक्याच्या अवस्थेत. २००० ते २०१३ या काळात अमेरिकेत वणवे विझवताना २९८ जण मेले. त्यांतले ७८ हवाई कामात. ड्रोन पडला तर एक यंत्र मोडतं. मला ड्रोनची ही बाजू त्याच्या कॅमेऱ्याहून मोलाची वाटते.

याच यंत्रानं नवी डोकेदुखीही आणली. १७ जुलै २०१५ रोजी कॅलिफोर्नियाच्या कॅहोन खिंडीत वणवा थेट महामार्गावर आला आणि गाड्या पेटल्या. तेव्हा हौशी लोकांचे ड्रोन हवेत दिसल्यामुळे पाणी टाकणारी विमानं आणि हेलिकॉप्टरं सुमारे वीस मिनिटं लांब ठेवावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स वणव्यावर कॅनडातून मदतीला आलेल्या पाणीवाहू विमानाच्या पंखाला एका हौशी ड्रोननं भोक पाडलं. विमान जमिनीवर राहिलं, तेही भर वणव्यात. ड्रोनवाल्यानं तो अडीच किलोमीटरहून लांब नेला होता आणि तो त्याच्या नजरेआड झाला होता. त्याला आग बघायची होती. हव्या त्या माणसाला न पोचणारं चित्र नुसतं निरुपयोगी नसतं, ते वाट अडवतं.

आपल्याकडे भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीच्या सूचना वनखात्यांना मोबाइलवर पाठवतं. महाराष्ट्रातही फेब्रुवारी ते मे या काळात त्या येतात. त्यांतल्या एका उपग्रही संवेदकाचा ठिपका ३७५ मीटरचा आहे, म्हणजे 'या चौकोनात कुठेतरी आग आहे' एवढं कळतं. मग वनरक्षक आणि रोजंदारीवरची माणसं हिरव्या डहाळ्या आणि पाला उडवणारी यंत्रं घेऊन त्या चौकोनात शिरतात. कुठल्याही वनखात्यानं ड्रोन घेतल्याची बातमी वाचली की मी आता तीन गोष्टी शोधते: चित्र कुणाकडे जातं, किती वेळात जातं, आणि आगीशी झुंजणारी माणसं त्या चित्रात आहेत का. बहुतेक बातम्यांत फक्त कॅमेऱ्याची माहिती असते.

मॅन गल्चच्या उतारावर आज १३ खुणा आहेत. जो जिथे पडला तिथे त्याची खूण. प्रत्येकाची जागा आता पक्की माहीत आहे.